अ‍ॅलेम्बिक (बास गिटार)

अ‍ॅलेम्बिक ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६९ साली स्थापन झालेली, उंची बास गिटारी घडवणारी कंपनी आहे. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या ध्वनियंत्रणेच्या कामातून ती उभी राहिली. तिची पहिली बास १९७२ मध्ये जॅक कसाडी यांच्यासाठी तयार झाली.

स्टॅनली क्लार्क यांना हे वाद्य एका बोचऱ्या अभिप्रायामुळे गवसले. एका कार्यक्रमाच्या वेळी कंपनीचे कारागीर रिक टर्नर यांनी वादनाची स्तुती केली; वाद्याचा आवाज मात्र वाईट असल्याचे तोंडावर सांगून स्वतः घडवलेली बास त्यांच्या हाती दिली. गिटारमध्येच बसवलेल्या प्रीअ‍ॅम्पमुळे तिचा प्रत्येक स्वर सुस्पष्ट उमटे. मनात ऐकू येणारे सारे त्या रात्रीपासून वाजवता येऊ लागले, अशी क्लार्क यांची आठवण आहे. ‘स्कूल डेज’ (१९७६) या त्यांच्या अल्बममध्ये साथीचे मानले जाणारे हे वाद्य प्रमुख झाले.