वाद्य आणि वादक – भाग ९ : मोटर बंद करणारा माणूस

गेल्या आठवड्यात आपण लायोनेल हॅम्प्टन आणि मिल्ट जॅक्सन या जॅझवादकांबद्दल बोललो. दोघांच्याही व्हायब्राफोनची ओळख म्हणजे तो लहरणारा सूर. अल्युमिनियमच्या पट्टीखाली पोकळ नळी असते आणि नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती. नळीचं तोंड उघडतं, मिटतं आणि सूर डोलायला लागतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत हा आवाज आपण कितीदा तरी ऐकलाय, वाद्याचं नाव मात्र ठाऊक नसतं.

गॅरी बर्टनने ही मोटर बंदच ठेवली. सूर सरळ, स्वच्छ, घंटेसारखा ऐकू येऊ लागला.

बर्टनचा जन्म १९४३चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. सहाव्या वर्षी तो मारिंबा आणि व्हायब्राफोन वाजवू लागला. लहान गाव, साथीला कुणी नाही. मग मुलाने साथही स्वतःच करायची ठरवली. दोन्ही हातांत दोन-दोन मॅलेट, म्हणजे वाजवायच्या काठ्या, एकमेकींवर तिरप्या धरलेल्या. चार मॅलेट वापरणारे वादक त्याच्याआधीही होते, पण ही पकड आज जगभर ‘बर्टन ग्रिप’ म्हणून शिकवतात.

मला सगळ्यात जास्त भावतं ते त्याचं सूर थांबवणं. पायाखालचं पेडल दाबलं की सगळ्याच पट्ट्या मोकळ्या होतात आणि प्रत्येक सुराची आस पुढच्या सुरात मिसळते. जलद तानेत त्याचा नुसता गलका होतो. बर्टन एका मॅलेटने नवा सूर छेडतो आणि त्याच क्षणी दुसरी मॅलेट आधीच्या पट्टीवर अलगद टेकवून तो सूर मिटवतो. बाकीचे सूर घुमतच राहतात. कुठला सूर ठेवायचा, कुठला पुसायचा, हा निर्णय तो दर मात्रेला घेत असतो. त्याच्या वादनाचा व्हिडिओ पाहाल तेव्हा नजर पट्टीवर आपटणाऱ्या मॅलेटवर ठेवू नका, हळूच टेकणाऱ्या मॅलेटवर ठेवा.

या स्वच्छ सुरामुळेच तो इलेक्ट्रिक गिटारशेजारी उभा राहू शकला, असं मला ठामपणे वाटतं. मुळात त्याचे कान एकाच संगीतावर पोसलेले नव्हते. सतराव्या वर्षी तो नॅशव्हिलमध्ये गिटारवादक हँक गार्लंडबरोबर रेकॉर्डिंग करत होता. पुढे पियानोवादक जॉर्ज शिअरिंग आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्या वाद्यवृंदांत उमेदवारी झाली. ‘टेनेसी फायरबर्ड’ या रेकॉर्डमध्ये त्याने कंट्री संगीतातल्या वादकांना जॅझवाल्यांशेजारी बसवलं. मग १९६७ साली स्वतःची चौकडी जमवली. त्यात लॅरी कोरिएलची रॉकच्या वळणाची गिटार आणि स्टीव्ह स्वॉलोचा बास होता. ‘डस्टर’ ही त्यांची रेकॉर्ड त्याच वर्षीची, ड्रमवर रॉय हेन्स. जॅझ आणि रॉकच्या मिलाफाचा, म्हणजे फ्यूजनचा विषय निघाला की लोक ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’पासून सुरुवात करतात. ती रेकॉर्ड १९७०ची, ‘डस्टर’ तिच्या तीन वर्षं आधीची. बर्टनला या सुरुवातीचं श्रेय पुरेसं मिळालं नाही, याची मला खरोखर खंत वाटते. कदाचित त्याचं फ्यूजन कानठळ्या बसवणारं नव्हतं, म्हणून असेल.

नोव्हेंबर १९७२मध्ये ओस्लोला पियानोवादक चिक कोरियाबरोबर त्याने ‘क्रिस्टल सायलेन्स’ ध्वनिमुद्रित केली. ड्रम नाहीत, बास नाही. दोन्ही वाद्यांवर एकाच वेळी अनेक स्वर वाजतात, म्हणजे गर्दी व्हायचाच धोका. इथे त्याचं सूर पुसण्याचं कसब पणाला लागलं. रात्री सगळं शांत झाल्यावर ती ऐका. कोरियाबरोबरची ही जोडी पुढे अनेक दशकं टिकली.

१९७१पासून तो बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवायला लागला. तिथेच तो आधी विद्यार्थी म्हणून आला होता, आणि तिथेच पुढे मोठ्या प्रशासकीय पदांपर्यंत पोचला. गिटारवादक पॅट मेथनीला त्याने अगदी कोवळ्या वयात आपल्या वाद्यवृंदात घेतलं. जपानहून शिकायला आलेल्या माकोतो ओझोने या पियानोवादकालाही त्याने असंच जवळ केलं. २०१७ साली बर्टनने मॅलेट खाली ठेवल्या. त्या निरोपाच्या दौऱ्यात साथीला ओझोनेच होता.