चित्रांतून वाचावयाच्या कादंबऱ्या

कादंबरी म्हटली कीं दाट छापलेलीं पानें डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि चित्रांची गोष्ट म्हटली कीं परीक्षा संपवून घरीं आलेलीं मुलें आठवतात. सुशिक्षित घरांतून ह्या दोन कल्पना इतक्या पक्क्या बसल्या आहेत कीं, चौकटीचौकटींनीं भरलेलें जाड पुस्तक एखाद्या प्रौढ गृहस्थाच्या हातांत दिसलें तर पाहणारा थोडासा हंसतो. 'आतां ह्या वयांत चित्रें पाहतां काय?' हा प्रश्न तोंडानें विचारला नाहीं तरी मनांत येतोच. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगांतील कांहीं अत्यंत गंभीर पुस्तकें ह्याच रीतीनें निर्माण झालीं आहेत. इंग्रजींत त्यांना ग्राफिक नॉव्हेल हें नांव मिळालें; मराठींत चित्रकादंबरी म्हटलें तर अर्थ पुरतेपणीं कळतो. अशा पुस्तकांवर वाचकांचा एवढा लोभ कां जडतो, आणि तो जडण्याजोगें त्यांत खरोखर कांहीं आहे काय, हा आजचा विषय आहे.

ह्या प्रकाराचा आरंभ एका शाळामास्तरानें केला ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जिनेव्हा येथें रोडोल्फ टोप्फेर (१७९९–१८४६) नांवाचा एक शिक्षक होता. आपल्या विद्यार्थ्यांच्या व स्नेह्यांच्या करमणुकीसाठीं तो चित्रांच्या ओळी काढून प्रत्येकीखालीं दोन-चार वाक्यें लिही. १८२७ सालीं काढलेली त्याची एक गोष्ट १८३७ सालीं छापून निघाली. छापण्यापूर्वींच त्याचीं हस्तलिखितें जर्मन महाकवि गटे ह्याच्या पाहण्यांत आलीं होतीं, आणि तीं त्यास फार आवडलीं होतीं. पुढें १९१९ सालीं बेल्जियमच्या फ्रान्स मासरेल ह्यानें एकही शब्द न घालतां केवळ लांकडी ठशांवरून संबंध कादंबरी रचली. ग्राफिक नॉव्हेल हा शब्द रिचर्ड काइल ह्या अमेरिकन लेखकानें १९६४ सालीं वापरला, आणि १९७८ सालीं विल आयस्नर ह्याच्या 'ए कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' ह्या पुस्तकानें तो लोकांच्या तोंडीं बसविला. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागांतल्या एका चाळीतील गरीब ज्यू बिऱ्हाडांच्या ह्या कथा आहेत. पहिल्या कथेंत पोटच्यासारखी वाढविलेली मुलगी गमावलेला एक भाविक मनुष्य देवाशींच भांडतो. आयस्नरची स्वतःची मुलगी सोळाव्या वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें गेली होती. हें दुःख अनेक वर्षें उरांत ठेवून मगच त्यानें तें कागदावर उतरविलें.

आतां ह्या पुस्तकांची रीत कशी असते तें पाहूं. पान उघडलें कीं लहानमोठ्या चौकटी दिसतात आणि दोन चौकटींच्या मध्यें कोऱ्या कागदाची एक अरुंद पट्टी असते. कथेंतील पुष्कळसा भाग ह्या कोऱ्या पट्टींत घडतो. एका चौकटींत मुलगा उंबऱ्यांत उभा राहून आईचा निरोप घेतो. दुसरींत ताटावर झांकलेलें जेवण निवून गेलें आहे, आणि खिडकीबाहेर अंधार आहे. मधली संध्याकाळ, आईचें दाराशीं येणें-जाणें, तिची वाढत गेलेली काळजी, ह्यांपैकीं कांहींच काढलेलें नाहीं. तें सर्व वाचकानें आपल्या मनांत घडविलें. स्कॉट मॅक्लाउड ह्यानें १९९३ सालीं ह्या कलेचें व्याकरण सांगणारें एक पुस्तक लिहिलें, आणि तेंही चित्रांतच लिहिलें. वाचक दोन चौकटींमधील अंतर स्वतः भरून काढतो व त्यामुळें कथेचा भागीदार होतो, हा त्यांतील मुख्य सिद्धांत आहे. दुसरें असें कीं, चेहरा जितका साधा काढावा तितक्या अधिक लोकांना त्यांत स्वतःचें रूप दिसतें. तिसरी गोष्ट वेळेची. पडद्यावरील चित्र प्रेक्षकाला आपल्या गतीनें ओढीत नेतें. ह्या पुस्तकांत मात्र एका चौकटीपाशीं घटकाभर थांबतां येतें, मागें वळतां येतें, समोरासमोरचीं दोन पानें एकदमच पाहतां येतात.

ही रीत किती खोलवर जाऊं शकते हें 'माउस' ह्या ग्रंथावरून दिसतें. त्याचा कर्ता आर्ट स्पीगेलमन. पुस्तकाचा पहिला भाग १९८६ सालीं व दुसरा १९९१ सालीं निघाला, आणि १९९२ सालीं त्यास पुलित्झर संस्थेचें विशेष पारितोषिक मिळालें. चित्रकादंबरीला हा मान पूर्वीं कधीं मिळाला नव्हता. विषय आहे कर्त्याचे आईबाप, आन्या व व्लादेक. हे दोघे पोलंडमधील ज्यू. हिटलरच्या सैन्यानें तो देश व्यापल्यावर त्यांची मालमत्ता गेली, आप्त गेले, पहिला लहानगा मुलगा गेला, आणि १९४४ सालीं तीं दोघेंही आउश्वित्झच्या छळछावणींत जाऊन पडलीं. तेथून तीं जिवंत सुटलीं. पुढें अमेरिकेंत राहत असतां १९६८ सालीं आन्येनें आत्मघात केला. त्यानंतर मुलगा म्हाताऱ्या बापापुढें ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून त्याची हकीगत विचारीत बसतो. येथपासून पुस्तक सुरू होतें.

ह्यांत ज्यू लोकांना उंदरांचीं तोंडें आहेत, जर्मनांना मांजरांचीं आणि पोलिश लोकांना डुकरांचीं. प्रथमदर्शनीं ही कल्पना हलकी, किंबहुना अपमानकारक वाटते. परंतु नाझी प्रचारकच ज्यूंना उंदीर-घुशी म्हणत असत. तेंच रूप कर्त्यानें उचललें, आणि मग पानापानाला तें रूप किती खोटें आहे हें दाखवीत नेलें. ज्यू स्त्री-पुरुष पोलिश असल्याचें भासवून रस्त्यानें जातात तेव्हां त्यांच्या उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा असतो, आणि मागें बांधलेली त्याची दोरी वाचकाला स्पष्ट दिसते. दुसऱ्या भागांत स्वतः कर्ता टेबलाशीं बसलेला दिसतो तो माणूस आहे, उंदीर नव्हे. उंदराचा मुखवटा त्यानें केवळ चढविलेला आहे. जाती-वंशाचीं नांवें हे बाहेरून बांधलेले मुखवटे आहेत, हें येथें एकाही वाक्यांत न सांगतां समजतें.

ह्याच पुस्तकांतील एक लहानसा प्रसंग चित्रकादंबरीचें बळ नेमकें दाखवितो. छावणींतील कैदी कामावर जात तेव्हां दाराशीं वाद्यवृंद वाजत असे, ह्याला लेखी पुरावा आहे. मुलगा बापाला त्याविषयीं विचारतो. बापाला तें मुळींच आठवत नाहीं. त्याला फक्त पावलें टाकीत जाणारे कैदी आठवतात. मग खरें कोणाचें धरावें? इतिहासकारानें एखादी तळटीप दिली असती. स्पीगेलमननें एका चौकटींत वाद्यवृंद काढला आणि पुढच्या चौकटींत तोच देखावा असा काढला कीं चालत्या कैद्यांच्या रांगांनीं वाजविणारे झांकून टाकले. केवळ वाद्यांचीं टोकें मागें दिसत राहिलीं. बापाची आठवण खोटी ठरली नाहीं आणि कागदपत्रांतील सत्यही पुसलें गेलें नाहीं.

शिवाय हा बाप कोणी संत नव्हे. तो कंजूष आहे, चिडखोर आहे, औषधाच्या गोळ्या मोजीत बसतो, दुसऱ्या बायकोला सुख लागूं देत नाहीं. आन्येनें लिहिलेल्या आठवणींच्या वह्या त्यानें दुःखाच्या भरांत जाळून टाकल्या होत्या, आणि हें कळतांच मुलगा त्याला खुनी म्हणतो. जो मनुष्य आउश्वित्झमधून वांचला त्याच्याशींही घरांत राहणें कठीण जाऊं शकतें, ही गोष्ट सांगण्याचें धैर्य फार थोड्या लेखकांना झालें. ज्यांच्या घरीं फाळणीची, दुष्काळाची किंवा कारावासाची आठवण घेऊन जगणारीं वडील माणसें होतीं, त्या वाचकांना हा बाप ओळखीचा वाटेल.

केइजी नाकाझावा ह्या जपानी चित्रकाराची कहाणीही अशीच आईबापांची आहे. १९४५ सालच्या ६ ऑगस्ट रोजीं हिरोशिमावर बाँब पडला तेव्हां तो सहा वर्षांचा होता; शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळें तो वांचला. वडील, बहीण व धाकटा भाऊ त्याच दिवशीं गेले. १९६६ सालीं आई वारली. तेव्हां दहनानंतर तिच्या अस्थीसुद्धां हातीं लागल्या नाहींत, असें त्यानें सांगून ठेवलें आहे. त्या क्षोभांतून पुढें १९७३ पासून 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन, ही दहा खंडांची चित्रकथा मुलांच्या साप्ताहिकांत सुरू झाली. इराणच्या मार्जान सात्रापी हिनें २००० ते २००३ ह्या काळांत फ्रेंच भाषेंत 'पर्सेपोलिस' चार भागांत लिहिलें. केवळ काळ्यापांढऱ्या, बाहुलीसारख्या साध्या आकृतींत १९७९ ची क्रांति, इराकशीं झालेलें युद्ध आणि चौदाव्या वर्षीं एकटीनें व्हिएन्नाला जाणें हें सारें तिनें सांगितलें आहे. वर्तमानपत्रांतून इराण हें एका राजवटीचें नांव म्हणून वाचणाऱ्यांना तेथें आजी, काका व हट्टी मुली राहतात हें त्या पुस्तकानें शिकविलें.

भारतांत ह्या प्रकारचीं पुस्तकें अलीकडचीं असलीं तरी त्यांतील एकाचा संबंध महाराष्ट्राशीं थेट आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें 'भीमायन' हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवांवर रचलेलें आहे. चित्रें मध्यप्रदेशांतील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम ह्या दांपत्याचीं, आणि शब्द श्रीविद्या नटराजन् व एस्. आनंद ह्यांचे. साताऱ्याच्या शाळेंत तहानलेला मुलगा, १९१७ सालीं बडोद्यास राहावयास जागा न मिळालेला विलायतेंत शिकलेला विद्वान, १९२७ सालचें महाडचें चवदार तळें, १९३४ सालीं दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून झालेला अपमान, हे प्रसंग त्यांत येतात. परधान ही मुळांत गाऊन कथा सांगणारी जमात आहे, आणि ह्या दांपत्यानें चौकटींची रीत मुद्दाम नाकारली. माणसांना पेटींत कोंडल्यानें त्यांचा श्वास गुदमरतो, अशी त्यांची भूमिका आहे. त्यांच्या पानांवर आकृती मोकळ्या फिरतात. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारांत येतात, आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. ज्या माणसाला जन्मभर इतरांनीं ठरविलेल्या चौकटींत बसविण्याचा प्रयत्न झाला, त्याचें चरित्र चौकटीशिवाय सांगावें ही योजना किती समर्पक आहे, हें वाचकाला सांगावें लागत नाहीं.

चित्र दाखवून कथा सांगणें महाराष्ट्रालाही नवें नाहीं. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं सुटीं चित्रें एकामागून एक पुढें धरून, वाद्यांच्या साथीनें कथा गात आले आहेत. त्या परंपरेंतील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. देवळाच्या अंगणांत आजोबांच्या मांडीवर बसून हीं चित्रें पाहणाऱ्या मुलाला आपण हलक्या प्रतीचें कांहीं पाहत आहों असें कोणी म्हटलें नव्हतें.

तरीही विरोध आहे, आणि तो केवळ भारतांत नाहीं. २०२२ सालच्या जानेवारींत अमेरिकेच्या टेनेसी राज्यांतील मॅकमिन परगण्याच्या शालेय मंडळानें 'माउस' हें पुस्तक आठव्या इयत्तेच्या अभ्यासक्रमांतून एकमतानें काढून टाकलें. कारण दिलें तें कांहीं शिव्यांचें व नग्न आकृतीचें. २०२३ सालीं खुद्द हिरोशिमा शहरानें आपल्या शांतिशिक्षणाच्या पाठांतून अनवाणी गेनला वगळलें. ह्या निर्णयांची बाजूही ऐकली पाहिजे. चित्र हें शब्दापेक्षां लौकर मनांत शिरतें, आणि एकदां शिरलें कीं निघत नाहीं. म्हणून कोणतें पुस्तक कोणत्या वयांत द्यावें ह्याचा विचार आईबापांनीं व शिक्षकांनीं करावयासच हवा. चित्रें आहेत एवढ्यावरून तें बाळांसाठीं आहे असें समजून सहा वर्षांच्या मुलापुढें 'माउस' ठेवणें चूक आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला मानवी क्रौर्याचा इतिहास शिकवावयाचा आणि त्यांतील कुरूपता मात्र दाखवावयाची नाहीं, हा हिशेब जुळत नाहीं. टेनेसींतील बातमी पसरतांच त्या पुस्तकाच्या प्रती दुकानांतून भराभर संपल्या, ह्यावरून वाचकांनीं आपलें मत काय दिलें तें दिसतें.

ह्या पुस्तकांची गोडी ज्यांना अजून लागलेली नाहीं त्यांची एक अडचण खरी आहे. ज्यांना वेगानें वाचण्याची संवय आहे ते चित्रें ओलांडून केवळ शब्द वाचतात. तासाभरांत पुस्तक संपतें, आणि ह्यांत कांहींच नव्हतें असें वाटतें. त्यांनीं पहिल्या वाचनांत कथा घ्यावी व दुसऱ्या वाचनांत शब्द झांकून केवळ चित्रें पाहावीं. कोणता चेहरा पाठमोरा काढला आहे, कोणती चौकट एकाएकीं मोठी झाली आहे, कोठें बोलणें थांबलें आहे, हें तेव्हां दिसूं लागतें. शक्य असल्यास घरांतील मोठ्या मुलास जवळ बसवून वाचावें. चित्रांतील बारकावे पुष्कळदां मुलाच्याच नजरेस आधीं पडतात, आणि त्यांचा अर्थ विचारावयास तो वडिलांकडे वळतो. 'माउस' मध्यें मुलगा विचारतो आणि बाप सांगतो. अनेक घरांत हें विचारणें-सांगणें राहूनच जातें, आणि सांगणारीं माणसें निघून जातात.