संधिवाताचं ‘जड’ औषध: भीती कशाची आणि हक्क कोणता?

चाकणला फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे उठणाऱ्या कित्येकांना ही तक्रार ओळखीची असेल. सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, मनगट सुजतं. मग मेडिकलमधून पेनकिलर घ्यायची आणि लाईनवर उभं राहायचं. पण हातांचे लहान सांधे सहा आठवड्यांहून जास्त काळ सुजलेले असतील, तर तो नुसता कामाचा ताण नसून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आजार असू शकतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो.

यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पेनकिलरने दुखणं कमी होतं, सांध्याची हानी थांबत नाही. स्टेरॉइडने लवकर आराम पडतो, पण देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून अनोळखी पुड्या घेऊ नयेत.

आजार रोखणारं पहिलं औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असतं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. दारू टाळावी आणि गरोदरपणात हे औषध चालत नाही.

पूर्ण डोस घेऊन तीन महिन्यांत फरक नसेल किंवा सहा महिन्यांत आजार आटोक्यात आला नसेल, तर पुढच्या औषधाचा विचार करावा लागतो. कधी जोडीला दुसऱ्या गोळ्या देतात, कधी बायोलॉजिक इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबची गोळी सुचवतात. इथेच घरचे घाबरतात. ‘एवढं जड औषध? सवय लागली तर?’ या औषधांची सवय लागत नाही. खरा धोका जंतुसंसर्गाचा, त्यातही आपल्याकडे टीबीचा. शरीरात दबून राहिलेला टीबी उसळू शकतो. म्हणून सुरुवातीआधी टीबीची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी व सीची तपासणी करून घ्यावी. वय जास्त असेल, धूम्रपान किंवा हृदयविकार असेल, तर टोफासिटिनिबबाबत विशेष काळजी लागते. हे धोके तपासता येतात, सांभाळता येतात. वाकडं झालेलं बोट मात्र गोळीने सरळ होत नाही.

प्रश्न उरतो पैशाचा. २०१४ साली ॲडॅलिम्युमॅब या बायोलॉजिकची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतीय कंपनीने बाजारात आणली आणि किंमत उतरली. तरी ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला ती परवडत नाही.

इथे ईएसआयचं कार्ड कामाला येतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात प्रा. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. २०१७ मध्ये त्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेक्यावरचा कामगारही यात येतो. उपचार त्याला आणि कुटुंबालाही मिळतात. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. मोठ्या उपचारासाठी तिथून पुढे रेफर करता येतं का, हे स्पष्ट विचारावं. ईएसआयबाहेरच्यांनी पिंपरीच्या वायसीएम किंवा पुण्याच्या ससूनमध्ये जावं.

कार्यकर्त्यांनी दोन कामं करावीत. वस्तीतल्या कामगारांच्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का, ते पाहावं. आणि रुग्णासोबत डॉक्टरांकडे जाऊन विचारावं: आजार आटोक्यात आहे का, नसेल तर पुढचं औषध कोणतं, आधी कोणत्या तपासण्या, आणि ताप आला तर काय करायचं?

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली, ही गोष्ट आपण विहारात सांगतो. येत्या रविवारी वंदनेनंतर एवढंच विचारा: सकाळी कुणाची मूठ वळत नाही?