बूड शाबूत आहे ना?

पास्काच्या सुमारास, उन्हाने अंगण भाजून निघत असता, आपल्याकडील कित्येक घरांच्या पायरीशी एक नवल घडते. पानांचा मागमूसही नसलेल्या कंदातून पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या शेंड्यावर कर्ण्याच्या आकाराची मोठी तांबडी फुले उमलतात. आपण हिला नुसते 'लिली' म्हणतो. रोपवाटिकेत तिचे नाव ॲमरिलिस. वस्तुतः खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेतील. आपल्या कुंडीतील झाड दक्षिण अमेरिकेतील वंशाचे. त्याचे शास्त्रीय नाव हिप्पीॲस्ट्रम. हे नाव १८२१ साली विल्यम हर्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. तोही एक धर्मोपदेशकच होता, अँग्लिकन पंथाचा.

काही वर्षांमागे आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध आजीबाईंनी पतीच्या थडग्याजवळचा एक कंद मला वेदीच्या फुलांसाठी दिला. मी तो प्रेमाने, पण अज्ञानाने, पुरता मातीत गाडला आणि पावसाळ्यातही कुंडी उघड्यावर ठेवली. श्रावणात पाने लोळली. उकरून पाहतो तो निम्मा कंद कुजलेला! शरमेने तो आजीबाईंपुढे धरला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, बूड शाबूत आहे ना? मग झाड मेलेलं नाही. सुरी आणा."

त्यांनी कुजका भाग निपटून काढला. उरलेल्या कंदाच्या उभ्या चार फाका केल्या. प्रत्येक फाकेला खालच्या चपट्या बुडाचा तुकडा राहील याची काळजी घेतली, कारण मुळे व नवे कंद तेथूनच फुटतात. कापलेल्या जागी राख लावली, फाका सावलीत सुकवल्या आणि किंचित ओलसर वाळूत उभ्या लावल्या. सुमारे दोन महिन्यांनी तीन फाकांच्या पापुद्र्यांमध्ये वाटाण्याएवढे कंद दिसू लागले.

ज्यांचा कंद निरोगी आहे, त्यांना एवढे कापाकापीचे कारण नाही. मोठ्या कंदाच्या कुशीस पिल्ले येतात. ती आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली व त्यांना स्वतःची मुळे आली, म्हणजे अलगद सोडवून निराळी लावावीत. बियांपासूनही झाडे होतात. काळ्या, पातळ बिया ताज्याच पेराव्यात. मात्र फुलांसाठी तीनचार वर्षे धीर धरावा लागतो, आणि फुले आईसारखीच येतील असा भरवसा नाही.

लावताना दोन भाग माती, एक भाग नदीची वाळू व एक भाग मुरलेले शेणखत घ्यावे. कुंडीस भोक असावे, कंदाभोवती इंचभर जागा सोडावी आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. अंकुर दिसेपर्यंत पाणी बेताने घालावे. फुले सुकल्यावर दांडा कापावा, परंतु हिरवी पाने कापू नयेत. पुढील वर्षाच्या फुलाची शिदोरी तीच साठवतात. हिवाळ्यात पाणी तोडून आठदहा आठवडे विश्रांती द्यावी. पानांवर सुरवंट दिसताच वेचून काढावेत. आणखी एक सूचना: या कंदात लायकोरीन नावाचे विष असते व तो दिसतो कांद्यासारखा. म्हणून तो स्वयंपाकघरात ठेवू नये. मुलांपासून व गुरांपासूनही दूर ठेवावा.

त्या तीन कंदांपैकी एकास चौथ्या वर्षी, पास्काच्या सप्ताहात, पहिला दांडा आला. तो पाहावयास आजीबाई नव्हत्या. आदल्याच पावसाळ्यात प्रभूने त्यांना बोलावून घेतले होते. ते फूल प्रथम वेदीवर ठेवले आणि मिस्सानंतर त्यांच्या थडग्यावर. आज दोघांच्याही थडग्यांपाशी तोच वंश वाढतो आहे.

मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने सांगितलेले मी अनेकदा प्रवचनात सांगितले होते. पण निराश होऊन कोणी माझ्याकडे येतो, तेव्हा मला आता प्रथम आठवतो तो आजीबाईंचा साधा प्रश्न: बूड शाबूत आहे ना?