नियम बदलले म्हणजे चुकले होते का?

इंडियाना राज्यातल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाने 10 ऑगस्ट 2020 रोजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलावले आणि आठच दिवसांत प्रत्यक्ष वर्ग दोन आठवड्यांसाठी थांबवले. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठाने वेगळी वाट धरली, पण नियम बदलायची पाळी त्यांच्यावरही आली. कोविडकाळातल्या खबरदारीबद्दल पसरलेले काही समज या दोन आवारांतल्या आणि बाहेरच्या घडामोडींवर ताडून पाहता येतात.

गैरसमज : प्रवेश देताना सगळ्यांची चाचणी केली की आवार सुरक्षित.

वस्तुस्थिती : नोटर डेमने विद्यार्थ्यांची चाचणी ते परतण्यापूर्वीच करून घेतली होती आणि त्यात बाधित अगदी थोडे निघाले. तरीही सत्र सुरू होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच बाधितांचा आकडा दीडशेच्या घरात गेला. त्यातले बरेचसे आवाराबाहेर राहणारे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते आणि संसर्गाचा माग बाहेरच्या मेजवान्यांपर्यंत पोचला. चाचणी त्या दिवसापुरते सांगते. संध्याकाळी कोण कुठे जाणार, हे तिला कळत नाही. विद्यापीठाने मग सत्रभर चाचण्या सुरू ठेवल्या आणि सप्टेंबरमध्ये वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले. नोव्हेंबरमध्ये क्लेमसनविरुद्धचा फुटबॉल सामना जिंकल्यावर विद्यार्थी मैदानात घुसले, तेव्हा घरी जाण्याआधीची चाचणीही सक्तीची झाली.

सूट कुणालाच नव्हती. नोटर डेमचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेनकिन्स 26 सप्टेंबरला व्हाइट हाउसमधल्या कार्यक्रमाला मास्कविना हजर राहिले. त्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली आणि 2 ऑक्टोबरला तेही बाधित असल्याचे जाहीर झाले.

गैरसमज : ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे लसीला विरोध ठरलेला.

वस्तुस्थिती : व्हॅटिकनने 21 डिसेंबर 2020 रोजीच्या निवेदनात कोविडची लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. एप्रिल 2021 मध्ये नोटर डेमने पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यार्थ्यांना लस बंधनकारक केली. वैद्यकीय आणि धार्मिक कारणांवरून सवलतीची सोयही ठेवली. लिबर्टीत त्या वर्षी लस सक्तीची नव्हती, मास्कही नव्हता. सत्र सुरू होताच रुग्ण वाढले आणि 30 ऑगस्टपासून 10 सप्टेंबरपर्यंत वर्ग ऑनलाइन न्यावे लागले. बंद सभागृहातले मोठे मेळावेही थांबवले गेले. धर्म एकच असला तरी धोरण एक नव्हते.

गैरसमज : सगळे पुसून-धुऊन घेतले की प्रार्थना आणि गायन बिनधोक.

वस्तुस्थिती : वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत 10 मार्च 2020 रोजी एका गायकवृंदाची तालीम चर्चमध्ये झाली. हजर 61 जण होते. त्यांतल्या 53 जणांना कोविड झाल्याचे निश्चित झाले किंवा तसा दाट संशय राहिला आणि दोघे दगावले. बंद जागेत तोंड उघडून गाताना सूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात, तिथे बाकडी पुसून भागत नाही. पृष्ठभागांची भीती मात्र हळूहळू ओसरली. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल 2021 मध्ये सांगितले. आपल्याकडेही दुधाच्या पिशव्या साबणाने धुण्याचे दिवस पुढे मागे पडले. उघड्या खिडक्या आणि खेळती हवा यांचे महत्त्व मात्र वाढले.

गैरसमज : नियम सारखे बदलत राहिले, म्हणजे तज्ज्ञांना काही कळतच नव्हते.

वस्तुस्थिती : बदलामागे दरवेळी नवी माहिती होती. लस घेतलेल्यांना बहुतेक ठिकाणी मास्कची गरज नाही, असे सीडीसीने 13 मे 2021 रोजी सांगितले. त्यानंतर विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोव्हिन्सटाउनच्या उद्रेकात त्या राज्यातल्या रहिवासी असलेल्या 469 रुग्णांपैकी 74 टक्के पूर्ण लसीकरण झालेले होते. 27 जुलैला, जिथे संसर्ग जास्त होता त्या भागांत, बंद जागेतला मास्क परत आला. त्या उद्रेकावरून लस कुचकामी ठरत नव्हती. लस घेतलेलाही संसर्ग पुढे नेऊ शकतो, एवढे मात्र समजले.

विलगीकरणाचेही तसेच. सुरुवातीचे दहा दिवस डिसेंबर 2021 मध्ये पाचांवर आले, कारण बहुतेक संसर्ग लक्षणांच्या आधीच्या एक-दोन आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत पसरतो, असे दिसले होते. उरलेले पाच दिवस मास्क होताच. मार्च 2024 मध्ये ठरावीक दिवसांची अटही गेली. तेव्हाच्या सूचनेनुसार, औषधाविना 24 तास ताप नसेल आणि लक्षणे कमी होत असतील, तर विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या खोलीबाहेर पडता येते. त्यानंतरचे पाच दिवस मास्क, अंतर आणि हवेशीर जागा यांची काळजी त्याने घ्यायची असते.