हिरड्याचा घेर

मंचरच्या बाजारातली तरकारीची गर्दी सोडून घोडेगाव ओलांडलं आणि डिंभे धरणाच्या कडेकडेनं आहुप्याकडे चढू लागलं, की हिरड्याचा मुलूख लागतो. मालकीच्या रानात हिरडा, जंगलातही हिरडा. या झाडांत किती कार्बन साठलाय, हे काढायचं काम साध्या टेपनं सुरू होतं. पण त्यात घाई चालत नाही.

जमिनीपासून 1.37 मीटरवर खोडाचा घेर घ्यायचा. उतार असेल तर चढाच्या बाजूनं. वेल बिलगला असेल तर टेप त्याच्याखालून सरकवायची, नाहीतर झाड उगाच जाड दिसतं. हिरड्याची साल काळपट, भेगाळलेली. तिच्यात टेप अडकते आणि खोडामागे नकळत खाली येते. सोबतचे बाबा पलीकडून सांगतात, "खाली गेली, वर घ्या." मग पत्र्याचा नंबर ठोकायचा आणि मोजल्या जागी रंगाची रेघ ओढायची. काही वर्षांनी नेमक्या त्याच रेघेवर टेप लागली, तरच वाढ कळते.

एका हिरड्याचा घेर भरला 157 सेंटीमीटर, म्हणजे व्यास 50. उंची 12 मीटर. लाकडाची घनता धरून सूत्रात घातलं, की सुकं वजन सव्वा टनाच्या आसपास येतं. त्यात कार्बन साधारण 47 टक्के, म्हणजे 600 किलोच्या घरात. हवेतला दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड या एकट्या झाडानं धरून ठेवलाय! उंची तीच राहून व्यास दुप्पट झाला, तरी वजन जवळजवळ चौपट होतं. म्हणून देवराईतली जुनी झाडं या हिशेबात फार मोलाची. पालापाचोळा आणि मातीचे नमुने वेगळे घ्यायचे आणि प्रयोगशाळेत सुकवून मोजायचे.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला हिरडा झोडपला. झाड पडलं म्हणून कार्बन लगेच उडून जात नाही. लाकूड कुजायला वर्षं लागतात. तेच लाकूड चुलीत गेलं, की काही तासांत सगळं हवेत. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, विकून घर चालवणारा माणूस झाड जिवापाड जपतो, पण बाळहिरड्याला भावच मिळाला नाही तर तो किती दिवस जपेल? मोजणीच्या तक्त्यात त्या भावाचाही रकाना हवा, असं मला ठामपणे वाटतं. नाहीतर पुढच्या फेरीत एखाद्या नंबरचं झाड का सापडलं नाही, याचं उत्तर कुठल्याच सूत्रातून निघणार नाही.