क्रॉस कंट्री बघायला जावं का?

कुर्डुवाडीहून पुण्याला, सोलापूरला किंवा मिरजेला रेल्वे आहे. क्रॉस कंट्रीची, म्हणजे मोकळ्या माळरानावर धावण्याची, स्पर्धा त्या बाजूला असेल तर पोचणं सोपं. पण शर्यती बहुधा सकाळी लवकर सुरू होतात, त्यामुळे आदल्या रात्रीच निघावं लागतं. एवढी यातायात करायची का, हे आधी मार्गाचा नकाशा पाहून ठरवावं. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटाला 10 किलोमीटर धावायचं असतं आणि फेरी साधारण 2 किलोमीटरची असते. म्हणजे एकाच चढावर उभं राहूनही धावपटू पाच वेळा समोरून जातो. मार्ग एकाच लांब फेरीचा असेल तर मात्र सरळ घरी राहावं.

सांघिक गुण मोजायला शिकलात तर खरी मजा. जागतिक स्पर्धेत संघातल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. त्यामुळे चाळिसाव्या क्रमांकावरची झुंजही निर्णायक ठरते, आणि कॅमेरा नेमका तिकडे वळत नाही! शिवाय पुढे नाव कमावणारा धावपटूही इथे दिसू शकतो: बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात आधी क्रॉस कंट्रीच धावायचा. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे तो नंतर वळला. जायचं ठरलंच तर टोपी आणि पाणी न्यावं. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उन्हामुळे 38 पैकी 15 जणच क्रॉस कंट्रीची शर्यत पूर्ण करू शकले होते.